कलादालनातलं अंडं

फार पूर्वी, पक्षी झाडांवर बसून बसून कंटाळले होते, तेव्हा वाळवीनं त्यांच्यासाठी टेकडीवर एक कलादालन बांधलं. गोगलगाईच्या शंखासारखं ते गोल गोल वर चढत जाई. भिंती तिरक्या आणि इतक्या गुळगुळीत, की पंजा टेकायला ना कोपरा होता, ना खोबण.

एके दिवशी चिवी चिमणी नवऱ्यासोबत ते बघायला आली. तिचे दिवस भरले होते. वर पोचता पोचता ती कळवळली, "अहो, आता नाही हो थांबवत!"

चिमण्यानं चहूकडे पाहिलं. बसण्याजोगी एकच वस्तू होती. दालनाच्या मधोमध वाकड्यातिकड्या तारांचं एक मोठं शिल्प टांगलेलं होतं. चिवी त्यात शिरली आणि तिनं अंडं घातलं.

राखणदार बगळा धावत आला. "आधी बाहेर व्हा! हे शिल्प आहे. याचं नाव 'पोकळी'. मोठमोठे पक्षी याच्यापुढे तासन्‌तास विचार करत उभे राहतात!"

"बगळेदादा, अंडं उचलून कुठे नेऊ?" चिवी रडकुंडीला आली.

शेवटी शिल्पकार कावळ्याला बोलावलं. तो मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला. चिवीनं घाबरून अंडं पंखाखाली ओढलं.

"बगळेराव," कावळा म्हणाला, "सहा महिने मी या तारा वळवत होतो. सगळे विचारायचे, यात आहे काय? मला उत्तरच देता यायचं नाही."

मग त्यानं मऊ गवत आणून आत अंथरलं आणि दाराशी पाटी लावली, 'हळू बोला. आत बाळंतीण आहे.'