दाराशी आसन

“उपवास कुठल्या देवाचा, मास्तर?” अमृतबुवांनी विचारलं.

मठातली पंगत उठत आली होती. दरंदले मास्तरांचं ताट मात्र जसंच्या तसं. आणि मठाचा रिवाज असा, की शेवटचं ताट रिकामं झाल्याशिवाय बुवा पोथी वाचायला घेत नाहीत.

“देवाचा नाही, महाराज...”

“मग?”



आठ महिन्यांपूर्वी कर्करोगापायी मास्तरांचं मूत्राशय काढलं. आतड्याचा तुकडा घेऊन डॉक्टरांनी लघवीला पोटावर नवी वाट करून दिली, तिथं पिशवी लावली. पिशवीची सवय झाली. सदऱ्याखाली ती कुणाला दिसतही नाही. पण आतडं रुसलं ते रुसलंच. खाल्लं की कळ येते, आणि कळ आली की दम धरवत नाही. चाळीस वर्षं ज्यांनी वर्गाला धाकात ठेवलं, त्यांना त्यांचंच पोट जुमानत नव्हतं! म्हणून मठात यायचं तर आदल्या दिवसापासून अन्न बंद. लोक म्हणत, मास्तर केवढे व्रतस्थ. मास्तरांनी ते म्हणू दिलं.

आज मात्र त्यांनी हळू आवाजात बुवांना सगळं सांगून टाकलं. सांगताना कान लाल झाले.

“डॉक्टरांना बोललात?”

“पिशवीचं बोललो. याचं... लाज वाटली.”

“सोमवारी जाऊन बोला. आता जेवा.”

“आणि मध्येच उठावं लागलं तर? पहिल्या रांगेतला माणूस मी, महाराज. चारचौघांत शोभा होईल. त्यापेक्षा येणंच बंद करतो.”

 बुवा उठले, स्वतःचं आसन काखेत मारलं आणि मागच्या दाराशी नेऊन टाकलं. शौचकूप तिथून दहा पावलांवर. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, मग मुकाट्यानं दाराकडे तोंडं करून बसली.

“पहिली रांग आता इथं,” बुवा म्हणाले. “जेवा आणि या.”

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. पण भूक खरी होती. आमटी-भात त्यांनी चाटूनपुसून खाल्ला.

पोथी सुरू झाली. दुसऱ्याच ओवीला कळ आली. मास्तर दातावर दात धरून बसले, कपाळावर घाम फुटला...

बुवा वाचता वाचता थांबले. “जाऊन या.”

मास्तर गेले. परतायला चांगली वीस मिनिटं लागली. येऊन पाहतात तो कुणी हललेलं नाही. दोघातिघांनी जांभया दिल्या, एक आजी भिंतीला टेकून पेंगत होत्या. बुवांचं बोट त्याच ओवीवर होतं.

मास्तरांचे डोळे भरून आले.

“महाराज, माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा झाला.”

“झाला खरा,” बुवा म्हणाले. “पुढच्या खेपेलाही होऊ द्या.”