मागच्या दाराची चावी

“पण बुवा, आग लागेलच कशाला?”

दिगंबरनं पुन्हा तेच विचारलं. मठाच्या नव्या भक्तनिवासाचा सगळा कारभार बुवांनी त्याच्यावर सोपवलेला. दगड न् दगड त्याच्या डोळ्यांदेखत बसलेला. अंगणात यात्रेकरू वळकट्या घेऊन ताटकळले होते. बुवांनी समई लावली की त्यांना आत सोडायचं, एवढंच उरलेलं.

केरबाबुवा काडेपेटी धरून नुसते उभे होते.

“नाही लागणार म्हणतोस?”

“दगडी बांधकाम आहे, बुवा. शिवाय हे बघा…”

दारातल्या आग विझवायच्या लाल नळकांड्यावरून त्यानं कौतुकानं हात फिरवला. खंडेनवमीला त्याची पूजा झालेली. हळदकुंकू वाळलेलं, मुठीला झेंडूची माळ दोऱ्यानं करकचून बांधलेली.

“चालवायचं कसं हे?”

“ते कंपनीच्या माणसाला ठाऊक. सांगलीला असतो.”

“बरं. मग आगीला सांगू, जरा दम धर बाई, माणूस सांगलीहून निघालाय.”

दिगंबर हसला. बुवा हसले नाहीत.

“लेकरा, काही झालंच, तर बघायचं कुणी?”

“आपण सगळेच आहोत की.”

“सगळेच…”

बुवांनी काडेपेटी कनवटीला खोचली. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी दिगंबरच्या डोळ्यांवर बांधलं.

“घरचा माणूस डोळे मिटूनही दार गाठतो. इथला पाहुणा आज येणार, आजच झोपणार. धूर झालाय समज. पुढचं दार पेटलंय. ने मला बाहेर.”

त्यात काय मोठं! बुवांचा हात धरून दिगंबर झपाझप निघाला आणि मागच्या बोळात गाद्यांच्या थप्पीवर आदळला. माळा भरला म्हणून त्यानंच तिथं रचल्या होत्या. चाचपडत कसाबसा दाराशी पोचला. हाताला गार कुलूप लागलं.

तेही त्याचंच. मागनं येऊन कुणी चपला पळवू नयेत म्हणून लावलेलं.

त्यानं कमरेचा जुडगा काढला. ही चावी नव्हे. ही पण नव्हे.

मागं बुवा खोकायला लागले.

“बुवा, धूर कुठं आहे खरा?”

“तू चावी शोध. मी खोकतोय.”

खोकला वाढला. मग बारीक झाला. मग…

“बुवा?”

…

“बुवा!”

त्यानं उपरणं ओढून काढलं. म्हातारा भिंतीशी मुटकुळं करून पडलेला, डोळे मिटलेले. दिगंबरच्या हातून जुडगा गळाला.

बुवांनी एक डोळा उघडला.

दिगंबरनं कुणाला हाक मारली नाही. पहार आणली, कुलूप तोडलं, आतून उघडेल अशी साधी कडी बसवली. गाद्या पाठीवरून वाहून नेल्या. यात्रेकरूंना हात जोडून म्हणाला, आजचा दिवस मंडपातच काढा. दुसऱ्या दिवशी सांगलीचा माणूस आला, तेव्हा माळ सोडून त्यानं ते नळकांडं स्वतः चालवून पाहिलं. पांढऱ्या भुकटीनं सगळा माखला.

तसाच बुवांपुढं येऊन उभा राहिला.

“आता नाही ना लागणार आग, बुवा?”

बुवांनी काडेपेटी त्याच्या हातात दिली.

“लागेल की… लाव समई.”