बांबूला बांधलेली फडकी

नदीच्या दोन काठांवर वसलेलं एक गाव होतं आणि त्या अख्ख्या गावाला मास्तर एकच होते.

शाळा अलीकडच्या काठावर. पावसाळ्यात नाव बंद झाली की पलीकडची अकरा पोरं त्यांच्याच काठावर चिंचेखाली बसत आणि मास्तर इकडून पत्र्याच्या भोंग्यातून शिकवत. समजलं की पोरांनी पांढरं फडकं वर करायचं, अशी पद्धत होती. नाही समजलं तर काय करायचं, ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

रोज अकराच्या अकरा फडकी वर जात. मास्तर खूश.

एका वर्षी राजाच्या कारभाऱ्याने निरोप धाडला, "दसऱ्याला परीक्षा घेईन. पलीकडची पोरं नापास झाली तर त्यांची शाळा बंद. खुशाल गुरं वळू देत."

"काळजी नाही," मास्तर म्हणाले. "अकरा फडकी आहेत."

मास्तरांचं वैशाखातच लग्न झालं होतं. बायको पलीकडच्या काठाची, बोलायला कमी. ओट्यावर तांदूळ निवडताना तिला नदी दिसायची. चार दिवस बघून तिने जेवण वाढता वाढता विचारलं, "अहो, पलीकडची पोरं जेवायला जात नाहीत का?"

"का गं?"

"नाही, फडकी अजून वरच आहेत."

मास्तर हातातला घास टाकून बाहेर आले. फडकी बांबूंना बांधून चिखलात रोवलेली होती. पोरं लांब ओढ्यात खेकडे धरत होती.

"नावं सांग एकेकाची! बघतोच आता!"

"तुम्हाला नावं ठाऊक नाहीत?"

दोन पावसाळे मास्तरांनी फडकीच मोजली होती; एरवी शाळेत नुसती डोकी.

"डावीकडून तिसरी बसते ती धोंडी," बायको म्हणाली. "मी निघाले तेव्हा तिची शेळी गाभण होती. आधी ते विचारा."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी भोंगा उचलला. "धोंडेऽ, शेळी व्याली का गं?"

ओढ्याकडून एक पोरगी धावत पाण्यापाशी आली. "तीन करडं झाली, मास्तर! एक लंगडं हाय!"

"मग पाय किती झाले?"

"लंगडा धरायचा का?"

दोन्ही काठ हसले. आता पुढचं नाव कुणाचं, म्हणून बाकीची पोरंही ओढा सोडून आली. मास्तरांनी त्या दिवशी पद्धत बदलली : नाही समजलं तर फडकं वर. अकराच्या अकरा वर गेली. मास्तरांनी मुकाट्याने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

दसऱ्याला पाणी उतरलं, सगळी पोरं एकत्र बसली. कारभाऱ्याने घाईघाईत एक गणित घातलं. "कळलं का?"

"होऽ!" अलीकडची पोरं एका सुरात म्हणाली.

धोंडीने फडकं वर केलं. "नाही कळलं. परत सांगा."

कारभाऱ्याने कपाळाला आठ्या घालून परत सांगायला घेतलं आणि मध्येच थांबला. "अरे, मीच चुकलो." त्याने गणित नीट करून घातलं. पलीकडच्या अकराही जणांनी ते सोडवलं. अलीकडच्या फक्त चौघांनी.

"पलीकडची शाळा चालू राहील," कारभारी म्हणाला. "इकडच्यांची परीक्षा मात्र परत घेतो."

मास्तर घरी येऊन बसले. "ही पोरं तर रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात!"

"फडकीही असायची," बायको पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली.

तात्पर्य इतकंच : होकार मोजण्याआधी पोर ओळखावं. 'नाही कळलं' हे ते ओळखीच्या माणसालाच सांगतं.