मिटल्या मुठीचं नाणं

एका राज्यात राजाच्या नाण्यावर लक्ष्मी असे. कमळावर बसलेली, दोन्ही बाजूंना दोन हत्ती, उजवा हात देता, उघडा. पण राजा पडला कवडीचुंबक. त्याला वाटलं, या उघड्या हातातूनच खजिना गळतो. टांकसाळीत ठसे कोरणारा नागदेव होता, त्याला बोलावून म्हणाला, "देवीची मूठ मिट. झाकली मूठ सव्वा लाखाची." घ्या! म्हण कुठली, लावली कुठे. पण राजापुढे शहाणपण चालत नाही. नागदेवानं मान खाली घातली नि मूठ कोरली.

पहिलं नाणं पडलं आणि राज्यात सगळ्यांच्या मुठी मिटल्या. पेरणाऱ्याला बी टाकता येईना, वाढणारीला घास देता येईना. नागदेवाच्या मुठीत त्याची छिन्नी अडकली. त्याची लेक पदुमा बारा दिवसांची बाळंतीण. तिला बाळाच्या गालावरून हात फिरवता येईना. बापाकडे बघून ती नुसती रडली.

आढ्यावरची साळुंकी नागदेवाला म्हणाली, "देवतळ्यावर जा. वाटेत मागेल त्याला दे."

तो निघाला. वाटेत मुंगीनं दाणा मागितला. त्यानं दातांनी गाठोडं फाडलं. सुकल्या वडानं पाणी मागितलं. त्यानं कोपरानं मडकं कलंडवलं. तळ्यात साक्षात लक्ष्मी बसली होती, हत्ती सोंडेनं पाणी घालत होते, आणि तिचीही मूठ मिटलेली. तिसरं मागणं तिनंच मागितलं.

"छिन्नी दे."

"मूठ उघडत नाही, आई."

"मिटली कोणी?"

राजाचं नाव ओठांवर आलं होतं. पण लेकीचे डोळे आठवले.

"मीच. भिऊन कोरली."

छिन्नी खणकन पायरीवर पडली. देवीनंही हात उघडला, छिन्नी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली आणि तसाच हात कोरायला सांगितलं.

नागदेवानं परतून नवा ठसा कोरला. राजा संतापून धावला खरा, पण मिटल्या मुठीनं तलवार उपसणार कशी? ठशावर हातोड्याचा घाव बसला, नाण्यावर उघडा हात उमटला, नि सगळ्यांच्या मुठी सुटल्या, राजाचीही. कितीतरी दिवसांनी स्वतःचा तळहात दिसला, तेव्हा बिचारा लाजला. मिटल्या मुठीची नाणी त्यानं मुशीत वितळवली. पेरण्या झाल्या, पंगती बसल्या.

नागदेव घरी आला, तर पदुमा बाळाला कुरवाळत होती. बाळाच्या मुठी मात्र मिटलेल्याच. म्हातारा घाबरून दारातच थबकला.

"बाबा, तान्ह्याच्या मुठी मिटलेल्याच असतात," ती हसली.

त्यानं बोट पुढे केलं. बाळानं मूठ उघडली आणि आजोबाचं बोट घट्ट धरलं.