चहाच्या रंगाची नदी

माणसांनी आयर्लंडमध्ये पहिला पूल बांधला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तिथं डोनीन नावाची एक लहानशी नदी होती. डोंगरातल्या दलदलीत ती जन्मली आणि तिथल्या कुजलेल्या शेवाळामुळं तिचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसायचं.

एकदा काठावरचा बगळा हसून म्हणाला, “काय गं, रोज चहानं आंघोळ करतेस वाटतं?”

डोनीनला ते फार लागलं. ती दलदलीला म्हणाली, “आई, तुझ्या रंगापायी मला चारचौघांत मान खाली घालावी लागते. मी आपली तुला टाळून खडकावरून वळसा घालून जाते.”

“जा बाई,” दलदल म्हणाली. “वाटलं तर परत ये.”

वळसा घेतल्यावर डोनीन आरशासारखी नितळ झाली. बगळासुद्धा तिच्यात आपलं रूप न्याहाळू लागला.

पानगळ सुरू झाली तसे सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून परतले. पण यंदा ते नदीच्या मुखाशीच घुटमळले. सगळ्यांत पुढच्या मादीनं एक घोट घेतला आणि शेपटी वळवली.

“अगं, मीच ती! तू माझ्याच कुशीत जन्मलीस!” डोनीन कळवळली.

“तुम्ही दिसता छान, बाई,” मादी म्हणाली. “पण आमच्या घरच्या पाण्याला चव होती. तिच्या ओढीनं एवढा समुद्र कापून आलो आम्ही.”

डोनीननं तत्काळ खडक सोडला आणि ती पुन्हा दलदलीतून वाहू लागली.

“परत चहा?” बगळ्यानं विचारलं.

“हो,” डोनीन म्हणाली, “लेकरं दारात उभी आहेत.”