शमवेलच्या चाकाशी कोण बसलं?

शांतवनबाबांचा मुक्काम खैरमाळ गावी होता, तेव्हाची ही गोष्ट. अंगात पांढरी बंडी, गळ्यात लाकडी क्रूस. दुःखी माणूस दारात आलं की बाबा आधी पाणी द्यायचे, मग देवाचं बोलायचे. अशी त्यांची रीत!

त्याच गावात सारूबाई आणि तिचा नवरा शमवेल दोर वळायचे. शमवेलने चाक फिरवायचं, सारूबाईने घायपाताच्या धाग्यांचा वाख सोडत मागे मागे जायचं. एकट्यादुकट्याचं हे कामच नव्हे. दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला देवळाच्या घंटेला नवा दोर या जोडप्याचा. त्या वर्षी उपवासाचे दिवस लागले आणि शमवेल तापाने गेला.

सारूबाईने हाय खाल्ली. उपासनेत गीत सुरू झालं की तिला हुंदका फुटे. मंडळीचे पंच एलिया मास्तर मोठे करारी. तीन वर्षांपूर्वी त्यांचा तरणाताठा मुलगा बेंजामिन विहिरीत बुडाला, तरी त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना ताठा! चारचौघांत ते म्हणाले, "अहो बाई, नवरा प्रभूकडे गेला म्हणता आणि वर गळा काढता? हा कसला विश्वास? तुमच्याच्याने दोर व्हायचा नाही. मी बाजारातून आणतो."

सारूबाई रडतच बाबांकडे गेली. "बाबा, तो दोर म्हणजे आम्हा दोघांचं देवाला वाहणं होतं. तेही गेलं तर माझ्यापाशी उरलं काय? देवाने मला सोडलंच का हो?"

बाबांचेही डोळे भरून आले. म्हणाले, "लेकी, मित्राच्या कबरीपाशी आपला प्रभूही रडला. मग तुला अडवणारे हे कोण? पोटभर रड. पण रडता रडता वाख हातात घे. चाकाची काळजी तू करू नकोस."

सणाच्या आदल्या दुपारी तिने वाख चाकाला अडकवला. "प्रभो, आता तूच बघ," म्हणत एक पाऊल मागे टाकलं. आणि चाक फिरलं! भरल्या डोळ्यांना चाकाशी काहीतरी पांढरं अंधुक दिसलं. बाबाच आले, असं समजून ती बोलत सुटली. "बाबा, त्यांनी शेवटी आंबील मागितली होती. मी म्हटलं, सकाळी देते. सकाळ त्यांनी पाहिलीच नाही हो!" महिनाभर उरात दाबलेलं ते शल्य बाहेर पडलं. मन हलकं होत गेलं, दोराला पीळ बसत गेला.

तेवढ्यात बाजारचा दोर खांद्यावर टाकून मास्तर अंगणात आले आणि जागीच थिजले.

"बाई, चाक कोण फिरवतंय?"

"बाबा आलेत ना."

"बाबा? दुपारपासून ते देवळात गुडघ्यांवर आहेत. मी आत्ता तिथूनच येतोय!"

सारूबाईने पदराने डोळे पुसले. चाकाशी कोणी नव्हतं, आणि चाक अजून संथ फिरत होतं. "अगं बाई! म्हणजे एवढा वेळ माझं ऐकत कोण होतं?" असं म्हणून तिने मातीतच गुडघे टेकून हात जोडले. देवाने आपल्याला सोडलेलं नाही, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

मास्तर धावत देवळात गेले आणि बाबांच्या पायांवर पडले. बाबा म्हणाले, "मी जागचा हललो नाही, मास्तर. चुकलात ते तिच्याशी."

मास्तर तसेच परत आले. पागोटं काढून त्यांनी सारूबाईपुढे डोकं टेकलं. "बाई, मला रडता येईना, म्हणून तुमचं रडणं टोचत होतं. माझा बेंजामिन..." आणि ते ढसाढसा रडू लागले. तीन वर्षांचं साचलेलं पाणी होतं ते!

मग डोळे पुसून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी चाकाशी मला बसू द्याल?"

"बसा की," सारूबाई म्हणाली. "पण बसलात की बेंजामिनचं बोलायचं हं. मी ऐकेन."

मास्तरांनी पुन्हा मान लववली. पहाटे खैरमाळची घंटा सारूबाईने वळलेल्या नव्या दोराने वाजली.