खालच्या घाटाचा नायक

पूर्वी वाराणसीत विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. गंगेच्या वरच्या घाटावरच्या सगळ्या नावा आणि त्या वल्हवणारी माणसे त्याच्या हाताखाली होती. खालच्या घाटाचा म्हातारा नायक वारला, तेव्हा राजाने फार विचार केला नाही. नदीवर सर्वांत चांगली नाव कोण वल्हवतो, एवढेच त्याने विचारले. लोकांनी रोहकाचे नाव सांगितले. रोहक नायक झाला.

रोहकाला वाटले, आता सुखाचे दिवस आले. झाले उलटेच. कुणाचे वल्हे जरा तिरके पडले की त्याला राहवत नसे. "सरक बाजूला," म्हणून तो वल्हे हिसकावून घेई आणि स्वतः मारू लागे. तो एका नावेत असला की बाकीच्या नावा काठाला खोळंबून राहत, कारण त्याला विचारल्याशिवाय दोर सोडायचा नाही, असा त्याचाच हुकूम होता. दिवस मावळेपर्यंत त्याचे खांदे भरून येत. उतारू मात्र कुरकुरत वरच्या घाटाकडे चालू लागत.

तिकडे नजर गेली की रोहकाच्या पोटात दुखे. भद्रकाच्या नावा एकीमागून एक सुटत. माणसे गाणी म्हणत वल्ही मारत. आणि भद्रक घाटाच्या पायरीवर बसून कुणाशी तरी बोलत असे. 'हा नुसता बसतो आणि वाहवा याची होते,' रोहक मनाशी म्हणे. 'मी मरमर मरतो, त्याचे कुणाला काही नाही.' त्याला जेवण गोड लागेना. बायको सामा म्हणाली, "त्या घाटाकडे पाठ करून बसत जा." त्याने तसे करून पाहिले. गाणी ऐकू येतच राहिली.

मग त्याने आपल्या माणसांनाही गाण्याचा हुकूम सोडला. ती गायली, पण प्रेत उचलल्यासारखी. काठावरचे उतारू हसले. त्या हसण्यामागेही भद्रकच असणार, असे रोहकाला वाटले.

शेवटी त्याची माणसे कंटाळली. कंक नावाचा जुना नावाडी त्यांना घेऊन भद्रकाकडे गेला. "आम्हांला तुमच्या घाटावर घ्या," तो म्हणाला. "आमचा नायक वाईट नाही. पण तो सगळं स्वतःच करतो, आणि आमचे हात लुळे पडलेत."

भद्रकाच्या माणसांना आनंद झाला. यांना घेतले असते तर सगळी नदीच भद्रकाची झाली असती. पण बोधिसत्त्वाने विचार केला, 'माणूस बुडत असताना त्याची नाव आपल्या काठाला बांधून घेणे हा धर्म नव्हे.' त्याने त्यांना समजावून परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच खालच्या घाटावर जाऊन उभा राहिला.

"रोहका, तुझी माणसं काल माझ्याकडे आली होती. मी ती घेतली नाहीत. माझा घाट माझ्यावाचून चालतो. थोडे दिवस मला तुझ्या नावेत काम दे."

रोहकाला यात एकच दिसले, हा आपला घाट बळकावायला आला आहे. त्याने भद्रकाला सर्वांत गळक्या नावेत पाणी उपसायला बसवले. भद्रक मुकाट्याने पाणी उपसू लागला. माणसे त्याच्याशी आदराने बोलत आणि त्यांचा शब्द न् शब्द रोहकाला टोचे. शेवटी त्याला सोसवेना. तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, वरच्या घाटाचा नायक माझी माणसं फितवतो आहे."

राजाने भद्रकाला बोलावून घेतले आणि रोहकाच्या समोरच विचारले, "हा नायक म्हणून कसा आहे? खरं तेच सांग."

खरे सांगितले तर आपण संपलो, हे रोहकाला ठाऊक होते.

भद्रक म्हणाला, "महाराज, घाटावर सर्वांत आधी तोच येतो. उतारूला त्याने कधी फसवलं नाही. आणि नाव त्याच्यासारखी कुणीच वल्हवत नाही. म्हणूनच आपण त्याला नायक केलंत. पण वल्हवणं हे नायकाचं काम नव्हे, हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

"मग दोन्ही घाट तूच सांभाळ."

"नको महाराज. तो शिकेल. त्याला थोडा अवधी द्या."

राजाने ते मानले. दोघे वाड्याबाहेर पडले. रोहकाला हायसे वाटायला हवे होते, पण तो आतून अधिकच जळत होता. चांगुलपणातही हा आपल्या पुढेच.

वाटेत तो थांबला. "भद्रकदादा, तुम्ही मला वाचवलंत. त्याचाही मला हेवा वाटतो. तुमच्या नावा सुटताना पाहिल्या की माझा जीव जळतो. मी काय करू?"

"जळणं लगेच थांबायचं नाही," भद्रक म्हणाला. "पण तोवर हातांनी काय करायचं, ते तुझ्या ताब्यात आहे. उद्या नाव सुटली की तू काठावर थांब. वल्ह्याला हात लावू नको. नाव वाकडी जाईल. ती का गेली, ते नंतर कंकाला विचार. आणि तो सांगत असताना मध्ये बोलू नको."

"आणि बुडाली तर?"

"पाणी उपसायला मी आहेच."

दुसऱ्या दिवशी रोहक काठावर उभा राहिला. नाव उजवीकडे वळू लागली तसा तो गुडघाभर पाण्यात शिरला, आणि तिथेच दात आवळून थांबला. नाव बरीच खाली वाहत गेली, मग सावरली. ती परत आल्यावर त्याने कंकाला बाजूला घेतले. "नाव का वळली?"

कंकाने आधी हातातले वल्हे खाली ठेवले. नायकाने त्याला आजवर काही विचारले नव्हते. मग तो म्हणाला, "उजवीकडच्या पुढच्या गड्याला एका कानाने ऐकू येत नाही, आणि तुमची हाक नेमकी त्याच बाजूने येते. हाक त्याला कळत नाही. शिव्या मात्र कळतात."

रोहकाच्या तोंडावर उत्तर आले होते. ते त्याने गिळले. त्या गड्यापाशी जाऊन त्याने क्षमा मागितली आणि त्याची बाजू बदलली.

पुढे सगळे सरळ झाले, असे नाही. कधी तो वल्हे हिसकावून घेई, मग ओशाळून परत देई. पण तो विचारू लागला, आणि माणसे सांगू लागली. नावा त्याच्या हुकमावाचून सुटू लागल्या. तेव्हा भद्रक आपल्या घाटावर परत गेला.

एके दिवशी राणी पैलतीरावरून येत असताना सोसाट्याचा वारा सुटला. खालच्या घाटाची नाव भोवऱ्यात सापडली आणि सुखरूप बाहेर आली. काठावर वाट पाहणारा राजा पाण्यापर्यंत धावला. "ही नाव कुणी आणली?"

सगळ्यांनी नायकाकडे पाहिले. लोक आधीच कंकाचे नाव घेत होते, आणि ते ऐकताना रोहकाच्या पोटात तीच जुनी कळ उठली. या वेळी ती त्याच्याच माणसापायी होती. घाट त्याचा, नाव त्याची. 'आम्ही आणली,' म्हटले असते तरी ते खोटे ठरले नसते.

"कंकाने आणली, महाराज," तो म्हणाला. "मी काठावर उभा होतो."

राजाने गळ्यातला हार काढून कंकाच्या गळ्यात घातला. रोहक पाहत राहिला. कळ होतीच. पण कंकाचा उजळलेला चेहरा पाहून त्याला बरेही वाटत होते, आणि ते बरे वाटणे कळेपेक्षा थोडे मोठे होते.

जेतवनात उत्तिय नावाच्या भिक्षूवर विहाराच्या बांधकामाची देखरेख नव्यानेच आली होती, आणि हाताखालच्या सोभिताची कुणी स्तुती केली की तो कष्टी होई. त्याला जवळ बसवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि त्या जन्माची या जन्माशी गाठ घालून दिली. ते म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे तू, उत्तिया. कंक म्हणजे हा सोभित. राजा म्हणजे तुला हे काम सोपवणारे वृद्ध स्थविर भिक्षू, आणि भद्रक नावाडी मीच होतो. दुसऱ्याच्या यशाने आपले मन आनंदाने भरून येणे, याला मुदिता म्हणतात. जो इतरांचा नायक होतो, त्याने हीच आधी शिकावी."